श्रावकाचे स्वसंरक्षण आणि शस्त्र

(ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त पुसद येथील व्याख्यानाचा मजकूर)



संस्थेचा सुवर्णमहोत्सव हा पूर्वजांच्या त्यागाचे कृतज्ञ स्मरण करण्याचा प्रसंग असतो. त्याचबरोबर पुढील पिढीसमोर जे प्रश्न उभे आहेत, त्यांचा धर्माच्या प्रकाशात विचार करण्याचाही तो प्रसंग असतो. आजच्या व्याख्यानाचा विषय व्यासपीठावर फारसा येत नाही, परंतु व्यापारी कुटुंबांत दबक्या आवाजात तो अनेकदा बोलला जातो. सामान्य नागरिकाने स्वसंरक्षणासाठी बंदूक किंवा पिस्तूल बाळगावे काय? आणि तो नागरिक अणुव्रती श्रावक असेल, तर त्याने काय करावे?

हा प्रश्न कोणा भित्र्या मनाची कल्पना नव्हे. पुसदसारख्या तालुक्याच्या गावी व्यापाऱ्याचा दिवस माल, उधारी, रोकड आणि प्रवास यांत जातो. सराफ दिवेलागणीनंतर दागिने तिजोरीत ठेवून शटर ओढतो. कापूस-सोयाबीनच्या हंगामात आडत्याच्या हाती दुसऱ्याची रक्कम असते. कोणी रात्री उशिरा यवतमाळहून वा नागपूरहून घाटरस्त्याने परततो आणि तो घरी पोहोचेपर्यंत घरातील माणसे जागी असतात. मुंबईत १९९५ मध्ये बांधकाम व्यावसायिक प्रदीप जैन यांची त्यांच्या जुहू येथील बंगल्याबाहेर गोळ्या घालून हत्या झाली. त्या प्रकरणी अबू सालेम यास जन्मठेप होण्यास २०१५ साल उजाडावे लागले. वीस वर्षांनी मिळणाऱ्या न्यायाचा भरवसा धरून आज रात्री निश्चिंत झोपावे कसे, असे कोणी विचारले, तर त्यास उपदेश ऐकवून गप्प बसविणे योग्य ठरणार नाही.

शास्त्रकारांनी या भीतीची दखल घेतलेली आहे. श्वेतांबर परंपरेतील सात भयांमध्ये आदानभय सांगितले आहे. आपले धन कोणी हिरावून नेईल, ही ती भीती. दिगंबर आचार्यांच्या गणनेत अत्राणभय आणि अगुप्तिभय आहे, म्हणजे कोणी रक्षणकर्ता नाही आणि लपण्यास सुरक्षित जागा नाही, ही भीती. सहस्राधिक वर्षांपूर्वीच्या या शब्दांत आजच्या व्यापाऱ्याचे मन तंतोतंत उमटलेले दिसते.

धर्माची भूमिका

जैन धर्म अहिंसेचा आहे, म्हणून श्रावकाने मार खावा आणि घर लुटू द्यावे, अशी एक समजूत आढळते. ती अपुरी आहे. गृहस्थाच्या संदर्भात आचार्यांनी हिंसेचे चार प्रकार केले आहेत. ठरवून, मारण्याच्या हेतूने केलेली ती संकल्पी हिंसा. स्वयंपाक, झाडलोट, बांधकाम यांत अपरिहार्यपणे होणारी ती आरंभी. शेती, व्यापार आदी उपजीविकेत होणारी ती उद्योगी. आणि आक्रमणाचा प्रतिकार करताना, स्वतःचे, कुटुंबाचे, धर्मस्थानाचे वा देशाचे रक्षण करताना घडणारी ती विरोधी हिंसा. यांपैकी संकल्पी हिंसेचा त्याग श्रावकास अनिवार्य आहे. उरलेल्या तिन्ही प्रकारांत त्याने यत्नपूर्वक, कमीत कमी हानी होईल असे वागावे, अशी अपेक्षा आहे.

भगवतीसूत्रात वैशालीच्या वरुण नामक श्रमणोपासकाची कथा आहे. रथमुसल संग्रामासाठी त्यास आज्ञा झाली, तेव्हा तो उपवासात होता. तो युद्धास गेला, परंतु जो प्रथम प्रहार करील त्याच्यावरच प्रहार करण्याचा नियम घेऊन गेला. समोर आलेल्या योद्ध्यास त्याने आधी बाण मारू दिला. स्वतः घायाळ झाल्यावरच त्याने प्रत्यंचा ओढली आणि प्रतिस्पर्ध्यास ठार केले. त्यानंतर तो रणांगणातून बाजूला झाला, दर्भासनावर बसला, व्रते उच्चारली आणि समाधिमरणास प्राप्त झाला. रणात मरणारे सारे स्वर्गास जातात, या लोकसमजुतीविषयी गौतमस्वामींनी विचारले असता भगवान महावीरांनी ती समजूत नाकारली आणि हा प्रसंग सांगितला. वरुणास सद्गती लाभली ती त्याच्या नियमामुळे, आलोचनेमुळे आणि समाधीमुळे. केवळ शस्त्र चालविल्याने ती लाभली नाही.

या कथेतून दोन गोष्टी स्पष्ट होतात. पहिली अशी की, प्रतिकारास धर्माचा मज्जाव नाही. दुसरी अशी की, विरोधी हिंसेसाठी विरोधक समोर असावा लागतो. आक्रमक कोण, हे निश्चित असावे लागते. बंदुकीचा प्रश्न येथेच वेगळा होतो. कोणीही शत्रू समोर नसताना, उद्या येईल अशा अज्ञात माणसास मारण्याच्या तयारीने घरात वर्षानुवर्षे काडतुसे भरून ठेवणे हे विरोधी हिंसेत बसत नाही. त्यात संकल्पाचा अंश रोज थोडा थोडा साचत जातो. पुरुषार्थसिद्ध्युपायात आचार्य अमृतचंद्रांनी रागद्वेषादी भावांच्या उत्पत्तीसच हिंसा म्हटले आहे. गोळी सुटण्यापूर्वीच मनात एक माणूस अनेकदा मारला गेलेला असतो.

अणुव्रती श्रावकाचे अहिंसाव्रत निरपराध जीवांच्या रक्षणाचे आहे. मध्यरात्री अंगणात दिसलेली सावली चोराची आहे, वाट चुकलेल्या वेड्याची आहे, की उशिरा परतलेल्या स्वतःच्या मुलाची आहे, हे बंदुकीस कळत नाही. हातातील काठी माणूस ओळखू येताच थांबविता येते, सुटलेली गोळी थांबविता येत नाही.

याशिवाय अनर्थदंडविरमण हे व्रत आहे. आचार्य समंतभद्रांनी रत्नकरंड श्रावकाचारात अनर्थदंडाचे पाच प्रकार सांगितले असून त्यांपैकी हिंसादान म्हणजे तलवार, कुऱ्हाड आदी हिंसेची साधने दुसऱ्याच्या हाती देणे होय. श्वेतांबर परंपरेत हिंस्रप्रदान या नावाने हाच दोष येतो. पंथभेद असूनही या एका बाबतीत दोन्ही परंपरांचे एकमत आहे. साधन जवळ असले की ते कोणाच्या ना कोणाच्या हाती जाते, हे त्यांनी ओळखले होते.

कायदा काय म्हणतो

१८७८ मध्ये लॉर्ड लिटनच्या काळात शस्त्र कायदा आला. भारतीयांस परवाना सक्तीचा आणि युरोपियनांस सूट, असा तो पक्षपाती कायदा होता. त्याविषयी राष्ट्रीय चळवळीत तीव्र चीड होती. १९३१ च्या कराची काँग्रेसने मूलभूत हक्कांच्या ठरावात नियमांस अधीन राहून शस्त्र बाळगण्याच्या हक्काचा समावेश केला, तो याच भावनेतून. पुढे डिसेंबर १९४८ मध्ये संविधान सभेत हरि विष्णु कामत यांनी हा हक्क राज्यघटनेत घालण्याची दुरुस्ती मांडली. कामत हे मध्य प्रांत व वऱ्हाडचे प्रतिनिधी होते आणि पुसद त्या वेळी त्याच प्रांतात होते. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी या मागणीस विरोध केला. प्रत्येकास बाजारात जाऊन हवे ते शस्त्र निर्वेधपणे घेता आले, तर राज्यकारभार चालणार कसा, असा त्यांच्या युक्तिवादाचा आशय होता. दुरुस्ती संमत झाली नाही. घटनेच्या एकोणिसाव्या अनुच्छेदात सभा घेण्याचा हक्क आहे, परंतु तो शांततेने आणि विनाशस्त्र जमण्याचा आहे.

सध्या लागू असलेल्या १९५९ च्या कायद्यानुसार बंदुकीसाठी परवाना लागतो. जिल्ह्यात अर्ज जिल्हाधिकाऱ्यांकडे जातो, पोलिसांचा अहवाल मागविला जातो आणि अर्जदार एकवीस वर्षांचा असावा लागतो. २०१९ च्या दुरुस्तीने एका व्यक्तीस तीनऐवजी दोनच अग्निशस्त्रे बाळगण्याची मर्यादा घातली आणि लग्न-वरातीत निष्काळजीपणे हवेत गोळीबार करणे हा स्वतंत्र गुन्हा ठरविला.

आत्मसंरक्षणाचा हक्क मात्र प्रत्येकास आहे. तो भारतीय दंड संहितेत कलम ९६ ते १०६ मध्ये होता. १ जुलै २०२४ पासून तो भारतीय न्याय संहितेच्या कलम ३४ ते ४४ मध्ये आहे. हल्ला झाल्यास पळून जाण्याचे बंधन नागरिकावर नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये दर्शनसिंग प्रकरणात स्पष्ट केले आहे. तथापि या हक्कास मर्यादा आहेत. रक्षणासाठी आवश्यक तेवढीच इजा करता येते. पोलिसांची मदत घेण्यास अवधी असेल, तर हक्क उरत नाही. जिवाचे वा गंभीर इजेचे भय नसताना केवळ वस्तू घेऊन पळणाऱ्या चोरास ठार मारण्याची मुभा कायदा देत नाही. गल्ल्यातून नोटांची पुडकी घेऊन पळणाऱ्या मुलाच्या पाठीत गोळी घालणारा दुकानदार न्यायालयात आरोपी म्हणून उभा राहील. कायदा आणि श्रावकाचार येथे एकमेकांच्या जवळ येतात.

महाराष्ट्राचा अनुभव

डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ च्या मुंबई दंगलीत सुमारे ९०० माणसे मृत्युमुखी पडली. राज्याच्या मुख्यमंत्रिपदी त्या वेळी पुसदचेच सुधाकरराव नाईक होते. त्या दिवसांत प्रत्येक वस्तीत भय होते. खासदार सुनील दत्त दंगलग्रस्तांना मदत करीत होते. त्यामुळे कुटुंबास धमक्या येत होत्या आणि रक्षणासाठी शस्त्र घेतले, असे त्यांचे पुत्र अभिनेते संजय दत्त यांच्याकडून सांगितले गेले. परंतु ते शस्त्र एके-५६ रायफल होती आणि ज्या टोळीच्या साठ्यातून ती आली, त्याच टोळीने १२ मार्च १९९३ चे बॉम्बस्फोट घडविले. त्यांत २५७ निरपराध माणसे मेली. विशेष न्यायालयाने संजय दत्त यांना दहशतवादाच्या आरोपातून मुक्त केले, पण शस्त्र कायद्याखाली दोषी ठरविले. २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दोषसिद्धी कायम ठेवली आणि पाच वर्षांची शिक्षा दिली. स्वसंरक्षणाचा हेतू सांगितल्याने ती टळली नाही. भयभीत माणूस शस्त्राच्या शोधात निघाला की शस्त्र विकणाऱ्याच्या दारात जातो आणि त्या दारात सज्जन क्वचितच भेटतात.

हे विनापरवाना शस्त्राचे उदाहरण झाले. परवानाधारकांचे काय? २०२४ या एकाच वर्षाकडे पाहावे. २ फेब्रुवारीस उल्हासनगर येथे पोलीस ठाण्यातच, अधिकाऱ्याच्या दालनात, जमिनीच्या वादातून गोळीबार झाला. आरोपी हे त्या वेळचे आमदार होते. म्हणजे शस्त्र होते, पोलीस होते, आणि तरीही राग कोणास आवरला नाही. ८ फेब्रुवारीस दहिसर येथे माजी नगरसेवक अभिषेक घोसाळकर यांची चालू ध्वनिचित्र प्रक्षेपणात हत्या झाली आणि मारेकऱ्याने नंतर स्वतःवरही गोळी झाडली. वापरलेले पिस्तूल मारेकऱ्याच्या नावावर नव्हते. ते त्याच्या अंगरक्षकाचे, परवान्याचे होते. १ ऑक्टोबरच्या पहाटे अभिनेते गोविंदा प्रवासास निघण्यापूर्वी आपले परवान्याचे रिव्हॉल्व्हर कपाटात ठेवीत असता ते निसटले आणि गोळी त्यांच्याच पायात शिरली. क्रोध, वैर आणि प्रमाद या तीन कारणांनी एका वर्षात परवान्याची शस्त्रे सुटली. या तिन्ही प्रसंगांत घरावर चालून आलेला दरोडेखोर कोठेच नाही.

त्याच वर्षी ९ डिसेंबरला बीड जिल्ह्यातील मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांची अमानुष हत्या झाली. ती बंदुकीने झाली नव्हती. परंतु त्यानंतर जिल्ह्याचा हिशेब निघाला, तेव्हा एकट्या बीड जिल्ह्यात बाराशेहून अधिक शस्त्रपरवाने असल्याचे उघड झाले आणि प्रशासनास शंभराहून अधिक परवाने रद्द करावे लागले. एवढ्या परवान्यांनी त्या सरपंचाचे रक्षण झाले नाही. ज्या भागात शस्त्र हे प्रतिष्ठेचे लक्षण होते, तेथे निःशस्त्र माणूस अधिक असुरक्षित होतो, एवढाच बोध त्यातून निघतो.

घरातील शस्त्र कोणास मारते

कुलूपबंद कपाटात ठेवलेले पिस्तूल वेळेवर हाती येत नाही आणि उशाखाली ठेवलेले नको त्या वेळी हाती येते. दरोड्याची वेळ दरोडेखोर ठरवितो. शिवाय बंदूक हीच लुटीची एक मौल्यवान वस्तू असते.

अमेरिकेत नागरिकांच्या हाती जगात सर्वाधिक बंदुका आहेत. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका आंतरराष्ट्रीय अंदाजानुसार तेथे दर शंभर माणसांमागे १२० बंदुका होत्या. २०२२ मध्ये तेथे बंदुकीने ४८,००० हून अधिक माणसे मेली आणि त्यांपैकी सुमारे २७,००० आत्महत्या होत्या. रक्षणासाठी आणलेले शस्त्र निम्म्याहून अधिक वेळा स्वतःच्याच कपाळाला लागले.

यवतमाळ जिल्ह्यात हा आकडा ऐकून कोणाचेही काळीज हलेल. विदर्भातील ज्या सहा जिल्ह्यांसाठी २००६ मध्ये पंतप्रधानांनी मदतीची घोषणा केली, त्यांत यवतमाळ होते. कर्ज, नापिकी आणि अपमान यांनी खचलेला माणूस एखाद्या क्षणी घरातील कीटकनाशकाच्या डब्याकडे वळतो, हे दुःख या जिल्ह्याने सोसले आहे. श्रीलंकेने १९९५ पासून अतिविषारी कीटकनाशकांवर टप्प्याटप्प्याने बंदी घातली. पुढील दोन दशकांत तेथील आत्महत्यांचे प्रमाण सुमारे ७० टक्क्यांनी घटले. माणसांची दुःखे काही एकाएकी संपली नव्हती. त्या अविचाराच्या क्षणी हाताशी साधन नव्हते, म्हणून तो क्षण टळला. विष घेतलेल्यास दवाखान्यात नेण्यास अवधी तरी मिळतो, बंदूक तोही देत नाही. व्यापारातील तोटा, परीक्षेतील अपयश, घरातील अबोला यांपैकी काहीच ज्या घरात कधी येणार नाही, असे घर पुसदमध्ये किंवा अन्यत्र दाखविता येईल काय?

कृत, कारित आणि अनुमोदित

येथे एक अप्रिय गोष्ट सांगणे आवश्यक आहे. अनेक सुखवस्तू श्रावक स्वतः शस्त्रास हात लावीत नाहीत, परंतु दारात बंदूकधारी रक्षक ठेवतात आणि आपले व्रत अबाधित राहिले, असे मानतात. जैन कर्मसिद्धांतात अशी पळवाट नाही. स्वतः केलेले, दुसऱ्याकडून करविलेले आणि दुसऱ्याच्या कृत्यास संमती दिलेली, या तिन्हींचा बंध होतो. महिना काही हजार रुपयांवर राबणाऱ्या गरीब घरच्या पहारेकऱ्याच्या हाती बंदूक देऊन त्याने गोळी घालावी आणि वेळ आल्यास खावीही, अशी योजना करणारा शेठ त्या हिंसेचा वाटेकरी असतो. दहिसरच्या घटनेत अंगरक्षकाचे पिस्तूल शेवटी मालकाच्याच हातात गेले, हेही विसरू नये.

पोलीस आणि सैन्यदलात सेवा करणाऱ्या जैन बंधू-भगिनींचा प्रश्न वेगळा आहे. त्यांचे शस्त्र राज्याचे असते, शिस्तीचे असते आणि त्याचा प्रत्येक गोळीचा हिशेब असतो. श्रवणबेळगोळ येथे बाहुबलीची मूर्ती उभारणारा चामुंडराय हा गंगांचा सेनापती होता. जैनांच्या अहिंसेस भ्याडपणा म्हणणाऱ्यांस हा इतिहास ठाऊक नसतो. भ्याडपणा आणि हिंसा यांतच निवड करावयाची असेल, तर हिंसा बरी, असे महात्मा गांधींनीही लिहिले होते. परंतु निवड तेवढीच नसते. भरत आणि बाहुबली यांच्या सैन्यांत रक्तपात होऊ नये, म्हणून दृष्टियुद्ध, जलयुद्ध आणि मल्लयुद्ध ठरले. शौर्य तेच राहिले आणि शस्त्र बाजूस ठेवले गेले.

मग रक्षण कसे व्हावे

श्रावकाने बंदूक नाकारावी, असे सांगणाऱ्या समाजावर एक ऋण येते. ज्यास निःशस्त्र राहा म्हणावयाचे, त्याचे रक्षण सर्वांनी करावयाचे. नाहीतर तो उपदेश कोरडा ठरतो.

त्यासाठी मोठा खर्च लागत नाही. रोकड कमी बाळगणे आणि भरणा दिवसाउजेडी करणे, हा परिग्रहपरिमाणाचाच व्यवहारी भाग आहे. बाजारपेठेत दिवे आणि कॅमेरे सामुदायिक खर्चाने बसविता येतात. रात्रीच्या गस्तीत तरुणांनी पाळीने जावे आणि त्या पाळीत शेठच्या मुलानेही नाव घालावे. पहारेकऱ्यास बंदूक देण्याऐवजी पुरेसा पगार, शिट्टी, विजेरी आणि विमा द्यावा. संकटकाळी ११२ हा क्रमांक लावण्याचे ज्ञान घरातील आजींपासून नातवंडांपर्यंत सर्वांस असावे. मुलामुलींनी शरीर कणखर करावे, व्यायामशाळेत जावे, प्रतिकाराचे शिक्षण घ्यावे. त्यास धर्माचा विरोध नाही. ज्यास प्रत्यक्ष खंडणीची धमकी आली असेल, त्याच्याबरोबर ट्रस्टच्या पाच ज्येष्ठांनी पोलीस ठाण्यात जावे आणि संरक्षणाची रीतसर मागणी करावी.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे साक्ष. शेजारच्या दुकानात लूट झाली, कोणी पाहिली, परंतु न्यायालयाच्या फेऱ्या नकोत म्हणून तो गप्प राहिला, हा अनुभव सार्वत्रिक आहे. गुन्हेगार बंदुकीस जितका भितो, त्याहून अधिक तो उभ्या राहणाऱ्या दहा साक्षीदारांस भितो. संघटित गुन्हेगारीविरुद्ध महाराष्ट्राने १९९९ मध्ये मोक्का कायदा केला. पण कोणताही कायदा तक्रारदार आणि साक्षीदार यांच्या पायांवरच चालतो. सत्याणुव्रत घेतलेल्या समाजाने साक्ष देण्यास कचरू नये. दरोड्याची जितकी भीती वाटते, तितकी लाज गप्प राहिल्याची वाटू लागेल, त्या दिवशी गावातील अनेक शटरे निर्भयपणे उघडी राहतील.

सर्व दानांत अभयदान श्रेष्ठ मानले आहे. पन्नास वर्षांत या ट्रस्टच्या दात्यांनी आपापल्या शक्तीनुसार दान दिले. सुवर्णमहोत्सवी वर्षात प्रत्येक कुटुंबाने आणखी एक दान द्यावे. शेजाऱ्याच्या दारावर मध्यरात्री थाप पडली, तर आपला दिवा लागेल, आपले दार उघडेल आणि दुसऱ्या दिवशी आपली साक्षही होईल, असे वचन त्या शेजाऱ्यास द्यावे. तो शेजारी कोणत्या पंथाचा वा धर्माचा आहे, हे विचारू नये. ज्या गल्लीत असे वचन पाळले जाईल, त्या गल्लीत परवान्याच्या अर्जाची गरज कोणास भासणार नाही.

सर्व जीव निर्भय होवोत, ही मंगल भावना व्यक्त करून हे व्याख्यान येथे पूर्ण होते.

जय जिनेंद्र.